संमतीपत्रावर सही करू की नको?

राजारामपुरीतल्या एका आईचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

मुलगी आठ वर्षांची, खासगी शाळेत तिसरीला, सेमी इंग्रजी. दिवाळीनंतर शाळेनं एक एआय ॲप सुरू केलं. ते मुलांचं वाचन ऐकतं, गणितं सोडवून घेतं, निबंधात मदत करतं आणि टॅबच्या कॅमेऱ्यातून चेहरा बघून मूल आनंदी आहे, गोंधळलंय की कंटाळलंय याचा रंगीत ठिपका पालकांच्या मोबाईलवर पाठवतं. वर्षाला १,८०० रुपये वेगळे. आतापर्यंत सगळं तोंडीच चाललं होतं, आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत संमतीपत्र आलंय. शनिवारपर्यंत सही करून द्यायचं. या बाईंनी ग्रुपवर दोन प्रश्न विचारले, तर "शाहू महाराजांच्या गावात शिक्षणाला विरोध?" असं उत्तर आलं. नवऱ्याचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ते म्हणतात, जग कुठं चाललंय बघ, सही करून टाक. धाकटे दीर म्हणतात, परदेशात लहान मुलांना हे बंद आहे, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, कोर्टात जाऊ. बाई विचारतात: "आपल्याकडं कायद्यानं बंदी आहे की नाही एवढंच सांगा. बंदी नसेल तर मी गप्प सही करते. एकट्या माझ्या पोरीला मागं ठेवायची माझी हिंमत नाही."

प्रिय ताई,

पत्रासोबत तुम्ही मुलीच्या दोन निबंधांचे फोटो पाठवलेत. मी आधी तेच वाचले. विषय दोन्हीकडं एकच, 'माझी आजी'. जूनमधल्या निबंधात आजी भडंग करते, टीव्हीवर कुस्ती बघताना ओरडते आणि मग तिचा घसा बसतो. डिसेंबरमधल्या निबंधात आजी मायेचा सागर आहे, संस्कारांची शिदोरी आहे आणि रोज रात्री परीकथा सांगते. पहिल्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, दुसऱ्यात एकही नाही. दुसऱ्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, "सासूबाईंनी आयुष्यात परीकथा सांगितलेली नाही." तुम्ही प्रश्न कायद्याचा विचारलाय, पण पत्र लिहायला तुम्हाला या दोन पानांनीच बसवलं असं मला वाटतं. कायद्याचं आधी सांगते, मग या पानांकडं परत येऊ.

अमुक वयाखालच्या मुलांच्या वर्गात एआय वापरायचंच नाही, असा कायदा आपल्या देशात नाही. सरकारचा कल तर दुसऱ्या बाजूला आहे. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात एआय आणि कम्प्युटेशनल थिंकिंग (प्रश्न पायऱ्या पाडून सोडवायची रीत) आणायचं केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलंय. पण यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि तुमच्या ग्रुपवर नेमकं तेच झालंय. एआय म्हणजे काय, ते कसं चुकतं, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हे मुलांना शिकवणं ही एक गोष्ट. एआयनं मुलाला शिकवणं, त्याचं वाचन तपासणं, त्याचा चेहरा वाचून आईबापाला कळवणं ही दुसरी. पहिलीला तुमचा विरोध नाही, मलाही ती हवीशी वाटते. तुमच्या हातातला कागद दुसरीचा आहे.

त्या कागदाला लागू पडणारा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवणं, त्यांच्या वागण्याची टेहळणी करणं आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवणं कलम ९ नुसार मना आहे. मुलांच्या बाबतीतल्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संमती कशी असावी हेही कायद्यात लिहिलंय. ती मोकळेपणानं दिलेली हवी, नेमक्या कामासाठी हवी, पुरती माहिती मिळाल्यावर दिलेली हवी, आणि दिली तितक्याच सहज ती मागं घेता आली पाहिजे. तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल ती गोष्ट पुढची: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय मिळाला पाहिजे. मराठी त्यात आहेच. तेव्हा "मला हे मराठीत द्या" असं म्हणताना अवघडू नका.

एवढं वाचून तुमचे दीर खूश होतील, पण पुढचंही ऐका. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. शिवाय शाळांना त्यात सूट आहे. शाळेचं शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यांच्यापुरतं शाळा मुलांवर लक्ष ठेवू शकते, आणि तेवढ्यापुरती पालकांच्या संमतीची अटही शिथिल होते. शाळेच्या बसचा ठावठिकाणा, हजेरी, प्रगती या गोष्टी अडू नयेत म्हणून ती सूट ठेवलीय हे समजण्यासारखं आहे. पण आठ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरचा कंटाळा मोजणं हे 'शैक्षणिक काम' का, असा वाद उद्या निघाला तर शाळा 'होय' म्हणेल. मला ते पटत नाही. आणि सूट शाळेच्या कामापुरती आहे. ॲप बनवणाऱ्या कंपनीनं तीच माहिती स्वतःचा माल सुधारायला किंवा विकायला वापरावी, असा तिचा अर्थ होत नाही. म्हणून कॅमेऱ्यातून काय काय टिपलं जातं, ते कुठं साठतं आणि कोण बघतं, हे शाळेलाच विचारावं लागेल.

परदेशात बंद आहे हे दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. युरोपीय संघाच्या एआय कायद्यानं शाळांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं सोडून. म्हणजे तुमच्या मोबाईलवर येणारा तो रंगीत ठिपका तिथल्या शाळेत चालला नसता. पण तिथंही एआयनं शिकवण्यावर सरसकट बंदी नाही. मुलांचं मूल्यमापन करणाऱ्या यंत्रणा 'जास्त जोखमीच्या' धरून त्यांना कडक अटी घातल्यात, एवढंच. चीननं मे २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत प्राथमिकच्या मुलांनी मजकूर तयार करून देणारं एआय एकट्यानं वापरू नये असं आहे. शिक्षक सोबत असतील तर चालतं. इटलीनं २०२५ च्या कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सक्तीची केली. युनेस्कोनं २०२३ मध्येच वर्गात असं एआय वापरायला किमान तेरा वर्षं वय सुचवलं होतं. एस्टोनिया हा शाळांच्या बाबतीत तंत्रज्ञानाला सगळ्यांत मोकळं दार ठेवणारा देश, पण २०२५ मध्ये त्यांनी शाळांत एआय द्यायला सुरुवात केली ती दहावी-अकरावीच्या मुलांपासून. यात मला एक गोष्ट दिसते. हे देश एकमेकांशी फारसे कशात जुळत नाहीत, पण लहान मुलाला यंत्रासमोर एकटं सोडायला यांतलं कुणीच तयार नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, "बंदी नसेल तर मी गप्प सही करते." मला तिथंच थांबावंसं वाटलं. कायद्यानं ज्याला बंदी घातली नाही ते सगळं तुमच्या मुलीसाठी योग्य, असं तुम्ही इतर कुठल्या बाबतीत मानता? तिनं काय खावं, किती वाजता झोपावं, कुणाबरोबर सहलीला जावं, हे तुम्ही कायदा बघून ठरवत नाही. सही मागितलीय म्हणजे कुणाला तरी तुमचा निर्णय हवाय. तो तुम्ही कायद्यावर ढकललात तर निर्णय कुणीच घेतला नाही असं होईल.

आणि सही केली की विषय संपला, असंही नाही. स्वीडनमध्ये २०१८ साली स्केलेफ्तेओ या गावातल्या एका शाळेनं हजेरीसाठी चेहरा ओळखणारे कॅमेरे तीन आठवडे वापरून बघितले. बावीसच विद्यार्थी होते आणि पालकांची संमती घेतलेली होती. तरी तिथल्या डेटा प्राधिकरणानं २०१९ मध्ये दोन लाख क्रोनरचा दंड केला. कारण असं दिलं की शाळा आणि विद्यार्थी यांच्यात ताकदीचा इतका फरक आहे, की असली संमती मोकळेपणानं दिलेली धरता येत नाही. हे वाचल्यावर मला तुमचा ग्रुप आठवला. चाळीस पालकांसमोर नाव घेऊन टोमणा बसल्यावर केलेली सही मोकळेपणाची कशी म्हणायची?

त्या टोमण्याबद्दलही लिहिते, कारण तो तुम्हाला लागलाय. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तो दंड मूल घरी ठेवण्याला होता. मुलाला शाळेत पाठवून, तिथं त्याच्याशी काय होतं हे विचारणाऱ्या आईला तो लागू होत नाही. ग्रुपवर हे लिहू नका, वाद वाढेल. पण मनातला तो काटा काढून टाका.

"मागं पडेल" ही भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आपल्या जिल्ह्यात घराघरात किती चुरस असते हे मला ठाऊक आहे. पन्नास मुलांच्या वर्गात बाई प्रत्येकाचं वाचन रोज ऐकू शकत नाहीत, तिथं ऐकणारं यंत्र अडखळणाऱ्या मुलाच्या खरंच उपयोगी पडतं. ज्याला दिसत नाही किंवा ज्याला अक्षरं उलटसुलट दिसतात, त्याच्यासाठी वाचून दाखवणारं साधन तर मोठाच आधार आहे. म्हणून मी सरसकट नको म्हणणाऱ्यांतली नाही. पण मागं पडणं म्हणजे नेमकं कशात, हे बघू. तुर्कस्तानात हायस्कूलच्या सुमारे एक हजार मुलांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. गणिताच्या सरावाला काही मुलांना साधा चॅटबॉट दिला, काहींना उत्तर न सांगता फक्त इशारे देणारा, आणि काहींना काहीच नाही. सरावात चॅटबॉटवाली दोन्हीकडची मुलं पुढं होती. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेल्या मुलांना काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. इशारे देणाऱ्याच्या बाबतीत तसं नुकसान दिसलं नाही. ती मुलं हायस्कूलची, तुमची तिसरीतली, म्हणून आकडा जसाच्या तसा इकडं लावू नका. पण शाळेला विचारायचा प्रश्न त्यातून मिळतो: हे ॲप उत्तर देतं, की मुलाकडून काढून घेतं?

तुमच्या यजमानांशी बोलताना कायदा बाजूला ठेवा. त्यांना विचारा, वर्कशॉपमध्ये नवा पोरगा कामाला लागला तर त्याला पहिल्या दिवशी संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर उभा करता का? ते आधी त्याच्या हातात कानस देतात, मापाचं व्हर्नियर धरायला शिकवतात, दोन-चार जॉब, म्हणजे घडवायला दिलेले भाग, बिघडू देतात. सीएनसी वाईट म्हणून नव्हे, तर हाताला माप कळल्याशिवाय मशीननं काढलेला जॉब बरोबर की चूक हे पोराला कळणार नाही म्हणून. तिसरी ही कानस धरायची इयत्ता आहे. निबंधातल्या त्या चार चुका म्हणजे बिघडलेले जॉब. ते बिघडवायचा हक्क तिच्याकडून आत्ताच काढून घ्यायचा का, एवढंच त्यांना विचारा. माणूस आपल्या कामातून पटकन समजतो.

एक अवघड गोष्ट. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून मीही लिहिते. पन्हाळ्याच्या प्रकल्पाची माहिती तुम्ही स्वतः मोबाईलवर चॅटजीपीटीला विचारून मुलीला उतरवून दिलीत. रात्रीचे दहा वाजले होते, सकाळी द्यायची होती, मी समजू शकते. पण त्या दिवशी तिनं काय शिकलं ते बघा: लिहायचं काम आलं की यंत्राकडं जायचं, आणि आई तेच करते. चॅटजीपीटी वापरायची त्यांचीच अट तेरा वर्षांची आहे, आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी हवी. शाळेकडं नियम मागताना घरातही एखादा नियम हवा, नाहीतर मुलगी दोन्हीकडचे नियम सोडून देईल. घरी तिच्यासमोर वापरायचंच असेल तर दोघी मिळून वापरा. पन्हाळ्याबद्दल त्यानं जे सांगितलं त्यातलं बरोबर किती, हे पुढच्या रविवारी गडावर जाऊन तपासा. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी तिनं स्वतः बघितल्यावर त्या यंत्राच्या दोन चुका तीच काढेल, आणि एआयबद्दलचा तो मोठा धडा होईल.

कोर्टाचं म्हणाल तर, सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, त्यासाठी या जिल्ह्यातल्या माणसांनी कित्येक वर्षं लढा दिला. ती हक्काची जागा आहे, पण पहिली पायरी नव्हे. तुम्ही अजून मुख्याध्यापकांना एक ओळही लेखी दिलेली नाही.

तेव्हा शनिवारच्या आत पुढचं करा. आधी वर्गशिक्षिकेला एकट्यानं भेटा, ग्रुपवर नाही. हे ॲप त्यांनी निवडलेलं नसेल, आणि कदाचित तुमच्याइतक्याच त्याही अडचणीत असतील. मग संमतीपत्राचे तुकडे करा. होय किंवा नाही असे दोनच रकाने छापलेत म्हणून उत्तरंही दोनच असतात असं नाही. तुमच्या जागी मी असते तर वाचन ऐकण्याला होय म्हटलं असतं, आवाजाचं रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार हे विचारून. गणिताला होय, पण इशारे देणारं असेल तर. निबंधाच्या मदतीला या वयात नाही. कॅमेऱ्याला ठाम नाही. वाचनाबद्दल एक सूचना: आपल्याकडची मुलं बोलतात तसं बोलली म्हणून ॲप 'उच्चार चुकला' दाखवतं का, ते स्वतः शेजारी बसून एकदा बघा. घरातली बोली चूक आहे असं यंत्राकडून ऐकत मूल वाढू नये, याबद्दल मी फार हट्टी आहे.

पैशांचा प्रश्न वेगळा काढा. महाराष्ट्रात शाळांच्या शुल्काचा २०११ चा कायदा आहे, त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते आणि शुल्क या समितीपुढं यावं लागतं. हे १,८०० रुपये तिथं मंजूर झालेत का, हे समितीतल्या पालक सदस्याला विचारा. मला वाटतं या एका प्रश्नावर ग्रुपमधले गप्प बसलेले बरेच जण तुमच्या बाजूला येतील.

आणि मुलीला वर्गात वेगळं पाडलं, "तुझ्या आईनं सही केली नाही" असं सगळ्यांसमोर ऐकवलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मानसिक त्रास देणं मना आहे, हे लक्षात ठेवा. पहिल्या भेटीत ते काढायची गरज नाही. तिला वेगळं काम काय देणार, एवढं मात्र आधीच ठरवून घ्या.

अर्जाचा मसुदा देते. इतर पालकांनीही आपापले बदल करून वापरावा.

"मा. मुख्याध्यापक यांस, स.न.वि.वि. माझी मुलगी इयत्ता तिसरीत शिकते. आपण पाठवलेलं संमतीपत्र मला मराठीत मिळावं ही विनंती. पुढील बाबींची माहिती लेखी मिळाल्यावर मी निर्णय कळवेन. १) ॲप मुलांची कोणती माहिती घेतं: आवाज, चेहरा, गुण, इतर. २) ती कुठं आणि किती काळ साठवली जाते, कंपनी ती दुसऱ्या कामाला वापरते का. ३) चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची सोय बंद करता येते का. माझ्या मुलीसाठी ती बंद ठेवावी. ४) ॲपनं दिलेले गुण प्रगतिपत्रकात धरले जातात का, आणि शिक्षक ते बदलू शकतात का. ५) संमती न दिल्यास त्या तासाला मुलांना कोणतं काम दिलं जाईल. ६) शाळा सोडल्यावर माहिती पुसण्यासाठी कुणाकडं अर्ज करायचा. निबंधलेखनाच्या मदतीला आणि कॅमेऱ्याला माझी संमती नाही. कळावे, आपली विश्वासू."

चौथा प्रश्न गाळू नका. यंत्रानं दिलेला गुण बदलायचा अधिकार बाईंना नसेल, तर वर्गात शेवटचा शब्द कुणाचा हे तुम्हाला तिथंच कळेल.

जूनमधला तो निबंध सासूबाईंना दाखवलात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुलीलाच मोठ्यानं वाचू द्या, त्या चार चुकांसकट. आणि अर्ज दोन प्रतींत न्या. एक शाळेत द्या, दुसरीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घेऊन ती घरी जपून ठेवा.